वाटसरूचं ताट आणि रांधणारी बाई



मागच्या महिन्यात फिरंगाईचं दर्शन घेऊन आम्ही गटातल्या अकराजणी कुरकुंभला हायवेवरच्या एका हॉटेलात जेवायला बसलो. पिठलं, ठेचा, चुलीवरची भाकरी. आमच्यातल्या थोरल्या मावशी म्हणाल्या, "आयतं ताट आज पहिल्यांदा पुढं आलं बाई!" आम्ही हसलो. मग चुलीकडं नजर गेली. भाकरी थापणाऱ्या दोघी आपल्यासारख्याच होत्या, रोजंदारीवर.

तेव्हापासून आम्ही विचार करतोय, वाटसरूला जेवू घालायचं काम बाईचं, मग त्याचा हिशेब कुणाच्या हातात?

पूर्वी माणसं पायी नाहीतर बैलगाडीनं जायची. मुक्काम देवळाच्या ओवरीत किंवा धर्मशाळेत. शिधा आपला आपण आणायचा आणि तीन दगडांच्या चुलीवर शिजवायचा. पण जात विचारल्याशिवाय आत घेत नसत, हेही खरं. चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी देशभर धर्मशाळा, विहिरी, घाट बांधले, अन्नछत्रं चालवली. वाटसरूच्या सोयीसाठी खजिना कसा वापरायचा, हे तेव्हा एका बाईनं ठरवलं.

पुढं मुंबईत कापडगिरण्या निघाल्या. कोकणातले, घाटावरचे पुरुष कामाला गेले, बायकापोरं गावी राहिली. त्यांना दोन वेळचं जेवण कुणी दिलं? गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांनी. दहा बाय दहाच्या खोलीत त्या पहाटेपासून रांधायच्या. पैसे मिळायचे पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज. राबणूक बाईची, नफा सावकाराचा.

१९६९ साली १४ मोठ्या बँका सरकारी झाल्या, तरी या बायकांना बँकेची पायरी चढायची भीती वाटायची. गोवा मुक्तिलढ्यात काम केलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. एकटीला कुणी दारात उभं करत नव्हतं. गट झाल्यावर एकमेकींच्या भरवशावर बँकेचं कर्ज मिळालं आणि सावकाराचा फास सैल झाला.

मैत्रिणींनो, आपला बचत गट याच वाटेवरचा आहे. आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत आज काय वेगळं आहे? लांबून आलेली पोरं भाड्याच्या खोल्यांत राहतात, वडापाव खाऊन पाळीवर जातात. गिरणगावच जणू आपल्या दारात आलंय.

म्हणून आमच्या गटानं खाणावळीचा हिशेब मांडायला घेतलाय. ज्वारी, तेल, गॅस, जागेचं भाडं हे सगळं आलंच. पण पहिल्या ओळीत आम्ही रांधणारीची मजुरी लिहिली. घरच्या कामासारखी ती धरायचीच राहून जाते.

तुम्हीही वही काढा. ती ओळ आधी लिहा, मग बाकीचं.