बेरजेचा मोह: केमोची ओकारी आणि कॅनाबिनॉइड

केमोथेरपीने होणाऱ्या ओकारीवर नेहमीच्या औषधांना कॅनाबिनॉइडची जोड द्यावी, आणि ती पहिल्याच फेरीपासून सर्वांना द्यावी, असे मत अलीकडे बरेच बळावले आहे. गांजाच्या झाडातील टीएचसी, सीबीडी आणि त्यांच्यासारखी कृत्रिम द्रव्ये यांना आम्ही येथे कॅनाबिनॉइड म्हणतो. हे मत खुळचट असते तर दुर्लक्ष करून भागले असते. ते तसे नाही, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण बळानिशी.

सिस्प्लॅटिनसारखे औषध शरीरात गेले की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सिरोटोनिन सोडतात. व्हेगस चेता तो निरोप मेंदूच्या देठापर्यंत पोचवते आणि रुग्ण ओकू लागतो. ऑन्डान्सेट्रॉन हे नेहमीचे औषध हा निरोप अडवते. कॅनाबिनॉइड सीबी-1 या वेगळ्याच ग्राहीवर काम करतात. वाटा दोन असतील तर पहारे दोन का नकोत? शिवाय ऑन्डान्सेट्रॉनने उलटी थांबते, पण मळमळ मागे उरते, आणि अन्नाचे ताट दूर लोटायला लावते ती मळमळच. पुरावाही आजचा नाही. टीएचसीने ओकारी कमी होते हे अमेरिकेतील डॉक्टरांनी 1975 साली दाखवले, ड्रोनाबिनॉल आणि नॅबिलोन या कॅनाबिनॉइड औषधांना तिथे 1985 साली मान्यता मिळाली, आणि 1991 साली 62 रुग्णांवर झालेल्या चाचणीत ड्रोनाबिनॉल व प्रोक्लोरपेराझिन ही जोडी दोन्ही सुट्या औषधांपेक्षा सरस ठरली. इतके असताना डॉक्टर हात आखडता का घेतात, असा पूर्वपक्षाचा सवाल आहे.

सवाल रास्त आहे. आता एकेक मुद्दा तपासू.

पहिला मुद्दा दोन वाटांचा. सीबी-1 ग्राही मुख्यतः चेतातंतूंच्या टोकाशी असतात आणि तिथून इतर संदेशरसायनांचे स्रवण कमी करतात. या रसायनांत सिरोटोनिनही येते. म्हणजे ज्यांना पूर्वपक्ष दोन स्वतंत्र वाटा म्हणतो त्या पुढे एकमेकींत मिसळतात. तरी जोडीच्या कल्पनेला सर्वांत भक्कम आधार मिळाला तो एका प्राण्याकडून. उंदराला ओकता येत नाही, म्हणून संशोधक चिचुंद्रीकडे वळले. आपल्या घरात भिंतीच्या कडेकडेने पळणारी, उग्र वासाची तीच ही चिचुंद्री. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला सिस्प्लॅटिन दिले गेले. टीएचसी आणि ऑन्डान्सेट्रॉन यांचे एकेकटे निष्प्रभ ठरणारे डोस एकत्र देताच तिची ओकारी थांबली. प्रयोग सुंदर आहे. पण त्याने सिद्ध काय झाले? दोन अपुरे डोस मिळून पुरे पडतात, एवढेच. आधीच पुऱ्या असलेल्या डोसात भर घातली की गुण वाढतो, हे त्यावरून निघत नाही. आणि रुग्णाला आपण अपुरा डोस देतो काय? त्याच प्रयोगात सीबीडीच्या कमी डोसाने ओकारी घटली आणि जास्त डोसाने वाढली, हेही पूर्वपक्षाने सांगायला हवे होते.

दुसरा मुद्दा 1991 च्या चाचणीचा. जोडी जिंकली, हे मान्य. पण जोडीदार कोण होता? प्रोक्लोरपेराझिन, म्हणजे ऑन्डान्सेट्रॉनपूर्व काळातले औषध. योगायोग असा की ऑन्डान्सेट्रॉनला अमेरिकेत मान्यता मिळाली ती त्याच वर्षी. दुबळ्या जोडीदाराबरोबर मिळवलेला विजय सबळ जोडीदाराबरोबर गृहीत कसा धरायचा? हा प्रश्न पुढे थेट तपासला गेला आणि निकाल 2007 साली प्रसिद्ध झाला. 64 रुग्णांना केमोनंतरच्या दिवसांत ड्रोनाबिनॉल, ऑन्डान्सेट्रॉन, दोन्ही मिळून किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली गेली. पूर्ण गुण आला तो अनुक्रमे 54, 58, 47 आणि 20 टक्के रुग्णांना. कॅनाबिनॉइड निरुपयोगी आहे, असे हे आकडे मुळीच म्हणत नाहीत. ते एकटेच ऑन्डान्सेट्रॉनच्या बरोबरीला आले. मात्र जोडी कोणाच्याही पुढे गेली नाही. गट लहान होते, त्यामुळे जोडीने नुकसान होते असा अर्थ आम्ही 47 या आकड्यातून काढणार नाही. पण जोडीने फायदा होतो हा दावा ज्यांचा, सिद्ध करण्याचा भारही त्यांचाच. तो या चाचणीने उचलला नाही.

तिसरा मुद्दा मळमळीचा, आणि पूर्वपक्षाचा सर्वांत खरा. ही उणीव आहेच. परंतु ती भरून काढणारे दुसरे औषध सापडले आहे, त्याचे काय? ओलान्झापिन हे मूळचे मनोविकारावरचे, जुने आणि स्वस्त औषध. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत 380 रुग्णांना ऑन्डान्सेट्रॉनच्या वर्गातले सेट्रॉन, एनके-1 रोधक आणि डेक्सामेथासोन ही ओकारी रोखणारी तिन्ही औषधे चालू होती. त्यांच्या जोडीला ओलान्झापिन मिळालेल्यांपैकी 74 टक्क्यांना पहिल्या 24 तासांत मळमळ झाली नाही. न मिळालेल्यांत हे प्रमाण 45 टक्के होते. यावर आक्षेप गुंगीचा. त्याला उत्तर मुंबईतून आले. टाटा मेमोरियल रुग्णालयात 10 मिलिग्रॅमऐवजी 2.5 मिलिग्रॅम डोस देऊन पाहिला गेला आणि 2024 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ओकारीवर पूर्ण नियंत्रण लहान डोसाने 45 टक्के, मोठ्याने 44 टक्के रुग्णांत. पहिल्या दिवशीची तीव्र गुंगी मात्र 40 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर उतरली. गुंगी कमी करण्यासाठी डोस चौथाईवर आणायचा आणि त्याच रुग्णाला पहिल्याच फेरीपासून गुंगी आणणारे टीएचसी द्यायचे, यात कोणते शहाणपण?

चौथा मुद्दा रुग्णांच्या पसंतीचा. ऑस्ट्रेलियातील चाचणीचे पहिले निष्कर्ष 2020 साली आले. त्यात रुग्णांनी एका फेरीत टीएचसी-सीबीडीची कॅप्सूल आणि दुसरीत दिखाऊ कॅप्सूल घेतली. 83 टक्क्यांनी खऱ्या कॅप्सूलची फेरी पसंत केली. हा आकडा आम्ही हलका लेखत नाही. तरी तो वाचताना एक अडचण ध्यानात ठेवावी. चाचणीत कोणती कॅप्सूल खरी हे रुग्णापासून लपवलेले असते, पण टीएचसी स्वतःला लपवू देत नाही. मध्यम ते तीव्र गुंगी, चक्कर किंवा भांबावलेपण खऱ्या कॅप्सूलवर 31 टक्क्यांना जाणवले, दिखाऊवर 7 टक्क्यांना. आपण काय घेतले याचा अंदाज आलेल्या माणसाची पसंती निखळ पुरावा कशी ठरेल?

‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ या युक्तिवादाला फार जागा देण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे गांजा ओढणाऱ्या काहींना अनावर उलट्यांचा विकार जडतो, गरम पाण्याने पुन्हा पुन्हा अंघोळ केल्यावरच त्यांना बरे वाटते, असे ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी 2004 साली नोंदवले. तिथे खरा उपाय एकच, गांजा सोडणे. थोड्या दिवसांच्या कॅप्सूलला हा दाखला लागू नाही, हे आम्हीच सांगतो. पण मोजून भरलेल्या कॅप्सूलचा पुरावा घरी वाटलेल्या भांगेला तरी कसा लागू होईल? त्या गोळीत टीएचसी किती, हे वाटणाऱ्यालाही ठाऊक नसते.

खंडन झाले. आता मंडन.

ऑस्ट्रेलियातील त्याच चाचणीचे अंतिम निष्कर्ष 2024 साली आले. त्यात 147 रुग्णांची माहिती तपासली गेली. उलटी नाही आणि जादा औषधाचीही गरज नाही, असा पूर्ण गुण कॅनाबिनॉइड घेणाऱ्यांत 24 टक्के, दिखाऊ कॅप्सूल घेणाऱ्यांत 8 टक्के. फरक खरा आहे आणि आम्ही तो मनापासून मान्य करतो. पण हे रुग्ण कोण होते? प्रतिबंधक औषधे घेऊनही आधीच्या फेरीत ज्यांना त्रास झाला होता, ते. पूर्वपक्ष मात्र हाच पुरावा ज्यांची पहिली फेरीही झालेली नाही अशांच्या नावे खर्च करतो. आणि या निवडक रुग्णांतही चारांपैकी तिघांना पूर्ण गुण आलाच नाही, हे विसरता येत नाही. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 साली दिलेली शिफारसही याच मर्यादेत आहे. नेहमीची औषधे योग्य प्रकारे देऊनही ओकारी आवरत नसेल, तर जोड देता येईल.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच. कॅनाबिनॉइडला जागा आहे, पण ती रांगेच्या शेवटी. ओकारी थांबली नाही की पहिला प्रश्न ‘आणखी काय देऊ?’ हा नसावा. वर सांगितलेली चारही औषधे मिळाली का, वेळेवर मिळाली का, ओलान्झापिन कोणी लिहून दिले का, हे आधी विचारावे. या सर्वांचे उत्तर ‘हो’ आले आणि तरी रुग्ण ओकत असेल, तर मोजलेल्या डोसाचे कॅनाबिनॉइड कायद्याने मिळत असेल तिथे अवश्य द्यावे, गुंगीची कल्पना देऊन द्यावे. उत्तर ‘नाही’ असेल, तर तिथे कमी पडले ते उपचार. ती कसर गांजाने भरून काढणे म्हणजे चुकीवर पांघरूण घालणे.

दोन्ही बाजू वाचकांसमोर आहेत. पहिल्या फेरीपासून सर्वांना जोड द्यावी, असे सांगणारी एक तरी चाचणी पूर्वपक्षाने पुढे ठेवली आहे काय? नसेल, तर निकाल उघड आहे.