शिलेदार, बारगीर आणि ड्रेसाजची परीक्षा

महालक्ष्मीचें शर्यतींचें मैदान मुंबईकरांस ठाऊक आहे. परंतु १९४२ सालीं स्थापन झालेल्या तेथील अमॅच्युअर रायडर्स क्लबांत मुलें एक निराळी विद्या शिकतात, हें गिरगांव-दादरच्या घरांतून फारसें कोणाला माहीत नसतें. तिचें नांव ड्रेसाज. तींत वेगाला किंमत नाहीं. २० मीटर रुंद आणि ४० किंवा ६० मीटर लांब अशा चौकांत घोड्यानें साधी चाल, दुडकी, संथ दौड, वर्तुळें हीं नेमल्या अक्षरापाशीं करून दाखवावयाचीं आणि परीक्षकानें प्रत्येक हालचालीस ० ते १० गुण द्यावयाचे. पायरीगणिक हालचाली अवघड होत जातात. गुणपत्रिका मात्र बहुधा स्वार आणि घोडा मिळून एकच!

मग गुण मिळाले ते कोणाला? हा प्रश्न आपल्या इतिहासाला परका नाहीं. शिवकालीं शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारी पागेंतून मिळे. सभासदानें बखरींत २५ बारगिरांवर एक हवालदार व ५ हवालदारांचा एक जुमला, तसेंच दर २५ घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद, अशी व्यवस्था सांगितली आहे. महाराजांनीं पागा बळकट केली आणि शिलेदारांस तिच्या हुकमतीखालीं ठेवलें. घोडा सरकारचा, म्हणून निगा सरकार पाहील, अशी सबब मात्र तेथें चालत नसे. दाणा-गवत आतांच उधळलेंत तर पावसाळ्यांत घोडीं मरूं लागतील आणि तीं तुम्हींच मारल्यासारखें होईल, असें चिपळुणाकडील छावणीच्या जुमलेदारांस महाराजांनीं पत्रानें बजावलें होतें.

आज क्लबाच्या घोड्यावर शिकणारें मूल बारगीरच होय. त्याच चौकांत कसलेला घोडा घेऊन एखादा शिलेदार उतरतो. २०२३ सालीं हांगचौच्या आशियाई स्पर्धेंत भारतानें ड्रेसाजचें सांघिक सुवर्णपदक जिंकलें. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. हे स्वार युरोपांत राहून शिकलेले. त्यांच्या मेहनतीविषयीं शंका नाहीं, पण ही वाट किती घरांना परवडेल?

घोडे चिठ्ठ्या टाकून वांटावे, हा उपाय सुचतो खरा. आधुनिक पेंटॅथलॉनमध्यें तसें होतें. ओळखीला २० मिनिटें मिळत. टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें, २०२१ सालीं, आघाडीवर असलेल्या जर्मन स्वारीचें सेंट बॉय या घोड्यानें कांहींएक ऐकलें नाहीं, आणि २०२४ च्या पॅरिस स्पर्धेनंतर त्या खेळांतून घोडाच गेला. याहून बरी रीत १२ ते १४ वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेंत दिसते. तेथें स्वाराची मांड, इशाऱ्यांचा परिणाम व नेमकेपणा यांना निराळे गुण असतात.

आपल्या प्राथमिक पायऱ्यांना हीच रीत लावावी, असें मला वाटतें. शिवाय परीक्षेपूर्वीं कांहीं महिने एकच घोडा एकाच मुलाकडे राहूं द्यावा, आणि त्याचा खरारा-दाणा मोतद्दारावर न टाकतां त्या मुलानेंच करावा.