आट्यांची लिपी : जुन्या रायफली आणि कारागिराची स्वनिर्मित हत्यारे

मराठीत ‘हत्यार’ हा शब्द शस्त्रालाही लागतो आणि सुताराच्या वाकसाला, लोहाराच्या सांडशीलाही. इतिहासलेखनात मात्र पहिल्या अर्थाला जेवढे स्थान मिळाले, तेवढे दुसऱ्याला मिळाले नाही. जुन्या रायफलीची नळी सोडविण्यासाठी कारागीर स्वतः जी पकड आणि पान्हा घडवितो, ती या उपेक्षित हत्यारांपैकी होत. या हत्यारांचे स्वरूप पाहिले असता असे दिसते की, ती केवळ दुरुस्तीची साधने नसून एका लुप्त होत चाललेल्या संहितेच्या वाचनाची साधने आहेत.

रायफलीची नळी रिसीव्हरमध्ये, म्हणजे ज्यात बोल्ट मागेपुढे सरकतो त्या पोलादी घरात, आट्यांनी घट्ट बसविलेली असते. हे आटे देशपरत्वे आणि कारखान्यापरत्वे भिन्न असत. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये आट्यांच्या एकरूपतेचा प्रस्ताव मांडला व त्यांचा कोन ५५ अंश ठरविला. पुढे १८९८ च्या जर्मन माउझर रायफलीच्या नळीवर याच कोनाचे, इंचाला बारा याप्रमाणे कापलेले आटे आले. मेट्रिक मापांच्या देशातील शस्त्राच्या सांध्यात असा इंग्रजी इंच दडलेला आहे. ब्रिटिश ली-एनफील्डच्या नळीवर मागच्या टोकाशी जो सपाट भाग असतो त्यास ‘नॉक्स फॉर्म’ म्हणतात. लंडनचा बंदूककार हेन्री नॉक (१७४१–१८०४) याच्या नावावरून हा शब्द आला असे मानले जाते. परंतु पुढे त्याचे लेखन ‘नॉक’ऐवजी ‘नॉक्स’ या आडनावासारखे रूढ झाले. पाठभ्रंश केवळ हस्तलिखितांतच होतो असे नाही.

अशी नळी सोडविण्यासाठी कारखान्यांत स्वतंत्र यंत्रसामग्री असे. त्या कारखान्यांची यंत्रे मोडीत निघाली, आराखडे विखुरले. रायफली मात्र उरल्या. म्हणून जीर्णोद्धार करणारा कारागीर हत्यार स्वतः करतो. कठीण लाकडाच्या दोन ठोकळ्यांत तो नळीच्या आकाराची खाच कोरतो, घसरू नये म्हणून तीत राळेची पूड घालतो आणि जाड पोलादी पट्ट्या व बोल्ट यांनी ते आवळतो. रिसीव्हरसाठी त्याच्या बाह्यरेषेवर बेतलेला, लांब दांड्याचा पान्हा कानशीने घासून तयार करतो. आकार किंचित चुकला तर सारा जोर एकाच जागी पडून रिसीव्हर पिळवटतो. म्हणजे या पान्ह्याची आतली कड ही त्या रिसीव्हरच्या आकाराची उलट प्रत असते. ती घडवायची तर मूळ आकार आधी नीट वाचावा लागतो.

येथे निकोलाय लेस्कोव्हच्या १८८१ मधील ‘लेफ्टी’ या कथेचे स्मरण होते. तूला हे रशियातील बंदूककारांचे शहर. तेथील डावखुरा कारागीर व त्याचे साथीदार इंग्रजांनी घडविलेल्या पोलादी पिसवेला नाल ठोकतात. परंतु त्यानंतर पिसू नाचेनाशी होते, कारण त्यांना यंत्राचे गणित ठाऊक नसते. शेवटी हाच कारागीर इंग्रज बंदुकीच्या नळ्या विटेच्या भुकटीने घासत नाहीत, ही मोलाची वार्ता झारपर्यंत पोचविण्याची धडपड करतो. ती पोचत नाही. हस्तकौशल्य आणि मोजमाप यांची फारकत, तसेच कारागिराच्या ज्ञानाची सत्तेकडून होणारी उपेक्षा, ही या कथेची दोन दुःखे होत. हाताने कोरलेली परंतु आट्यांच्या मापावर बेतलेली ही हत्यारे त्यांपैकी पहिल्या दुःखावरचा उतारा आहेत.

दुसऱ्यावर मात्र उतारा नाही. भारतात १८७८ च्या शस्त्र कायद्याने आणि पुढे १९५९ च्या कायद्याने हा व्यवसाय परवान्याच्या चौकटीत आला. बंगालमधील इच्छापूर येथे १९०४ मध्ये स्थापन झालेल्या रायफल कारखान्यात ली-एनफील्ड घडल्या. १९६२ च्या युद्धानंतर तेथेच तिचे ७.६२ मि.मी.चे रूप सिद्ध झाले. परवाना शस्त्राची नोंद ठेवतो; ते उकलणाऱ्या हाताची हातोटी नोंदीत येत नाही.

यातील हानी केवळ भावनिक नाही. घट्ट बसलेली नळी काढण्यासाठी तिच्या खांद्यालगत लेथवर खोल खाच पाडण्याची पद्धत आहे. तीत रिसीव्हर वाचतो, नळी जाते. नळी व रिसीव्हर यांवर ओढलेली जुळवणीची रेघ, तसेच दोन्हींवर उमटविलेला एकच क्रमांक, हा त्या शस्त्राच्या मूळ घडणीचा पुरावा असतो. नळी गेली की पुराव्याचा अर्धा भाग जातो. धीराने घडविलेला पान्हा तो राखतो. संपादक जसा संहितेचे जीर्ण पान फाडून नव्हे, तर सांधा ओळखून उलगडतो, तसेच हे काम आहे. म्हणूनच संग्रहालयात जुन्या रायफलीशेजारी तिच्यासाठी घडविलेला पान्हाही ठेवला गेला पाहिजे. ‘हत्यार’ या शब्दाचे दोन्ही अर्थ तेथे एकत्र येतील.