पाँपेईची हस्तिदंती मूर्ति : नांव आणि काल

इटलींतील पाँपेई नगराच्या उत्खननांत १९३८ सालीं आमेदेओ माइउरी यांस एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. हल्लीं ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व-संग्रहालयांत आहे. उंची सुमारें २५ सेंटिमीटर. प्रथमपासून तीस 'लक्ष्मी' म्हणण्याचा प्रघात पडला, तो पुष्कळ ठिकाणीं अद्यापि चालू आहे. हें नांव साधार आहे काय, आणि या मूर्तीचें खरें मोल कशांत आहे, या दोन प्रश्नांचा येथें थोडक्यांत विचार कर्तव्य आहे.

प्रथम नांवाविषयीं. प्राचीन शिल्पांत लक्ष्मी ओळखूं येते ती कमलावरून व अभिषेक करणाऱ्या गजांवरून. भारहूत व सांची येथें हीं लक्षणें स्पष्ट आहेत. प्रस्तुत मूर्तींत त्यांपैकीं एकहि नाहीं. मध्यें वस्त्रहीन, परंतु माळा, मेखला, कंकणें व वाळे यांनीं मढलेली स्त्री उभी असून तिच्या दोन्ही बाजूंस लहान परिचारिका प्रसाधनाचीं पात्रें घेऊन उभ्या आहेत. अर्थात् प्रसंग शृंगाराचा आहे, अभिषेकाचा नव्हे. शिवाय मूर्तीच्या मस्तकांत वरून छिद्र पाडलेलें आहे. त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लहान आसनाचा पाय असावी, असे तर्क झाले आहेत. कोणताहि ग्राह्य धरला तरी ती पूजेची मूर्ति ठरत नाहीं. तीस यक्षी म्हणणें अधिक सयुक्तिक होय.

आतां कालाविषयीं. पोथी हातीं येतांच आपण शेवटचें पान उलटून पुष्पिका पाहतों. लेखनशक मिळाला कीं निम्मा वाद मिटतो. या मूर्तीची पुष्पिका वेसूव्हियसच्या राखेनें लिहिली आहे. इ. स. ७९ मध्यें त्या पर्वताच्या उद्रेकांत पाँपेई गाडलें गेलें. तेव्हां मूर्ति त्यापूर्वींच घडून, समुद्र ओलांडून तेथें पोंचली होती, हें निर्विवाद. केवळ शैलीवरून बांधलेले काल मागेंपुढें सरकतात. ही मर्यादा सरकत नाहीं.

हिचा आपल्या प्रांताशीं संबंध येतो तो येथेंच. १९७३ सालीं नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनीं भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथें उत्खनन केलें. त्यांत परिचारिकांसह असलेली अशाच घडणीची एक खंडित हस्तिदंती स्त्रीमूर्ति निघाली. तेर येथील लामतुरे संग्रहांतहि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति आहे. तेर म्हणजेच तगर. तेथील माल भडोच बंदरीं जाई, आणि त्या बंदरांतून हस्तिदंत परदेशीं जात असे, असें 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत नमूद आहे. तथापि पाँपेईची मूर्ति भोकरदनचीच, असा निर्णय देणें घाईचें होईल. तिच्या तळाशीं खरोष्ठी खूण आहे, आणि ती लिपि वायव्येकडील. अफगाणिस्तानांत बेग्राम येथेंहि भारतीय हस्तिदंती काम विपुल मिळालें आहे. साम्यावरून नातें सिद्ध होतें, जन्मगांव नव्हे.

हीच मूर्ति नेपल्सच्या एखाद्या दुकानांतून विकत मिळाली असती, तर एक सुंदर वस्तु एवढीच तिची किंमत राहती. उत्खननाच्या जागेनें तीस काल दिला, आणि तिच्या आधारें दक्षिणेंतील सजातीय वस्तूंचा काल पडताळतां येऊं लागला. म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच कीं, नाणें असो, मणि असो वा पोथी असो, ती कोठें, कोणत्या थरांत वा दप्तरांत, कशाच्या जोडीनें मिळाली, हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. वस्तु मागाहून पुन्हां पाहतां येते; तिची जागा एकदां विसरली कीं गेली.