काळीज नेमकं कुठे असतं?

आपण रत्नागिरीच्या बाजारात मटण घ्यायला जातो तेव्हा कलेजी मागतो, म्हणजे यकृत. घरी आल्यावर 'काळजाचं पाणी झालं' म्हणताना हात मात्र छातीवर, हृदयावर ठेवतो. शब्दाचं मूळ एकच, संस्कृत 'कालेय', अर्थ यकृत. मग ते छातीत कसं चढलं?

याला थोडा इतिहास आहे. सुश्रुतसंहितेत 'कोष्ठ' या एकाच शब्दात आमाशय, पक्वाशय, मूत्राशय यांच्याबरोबर हृदय आणि फुफ्फुसही येतं. आपला 'कोठा साफ झाला' मधला कोठा तो हाच. आजचं शरीरशास्त्र मात्र मध्ये श्वासपटलाची भिंत दाखवतं: वर वक्षगुहा, त्यात हृदय आणि दोन फुफ्फुसं, खाली उदरगुहा, त्यात यकृत, प्लीहा, जठर, आतडी.

सुश्रुताने पाहिलंच नाही, असं मात्र म्हणू नका. प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं आणि मग कुंचल्याने थर घासत आतलं बघायचं, अशी पद्धत त्याने सांगितली आहे. पण कुजलेल्या शरीरात मऊ अवयव जागच्या जागी, धड सापडणं कठीणच. तिथे हृदयाच्या खाली डावीकडे प्लीहा आणि फुफ्फुस, उजवीकडे यकृत आणि क्लोम, अशी मांडणी आहे. क्लोम म्हणजे नक्की काय, यावर पंडितांचा वाद अजून संपलेला नाही.

पुढे कलकत्त्यात १८३६ साली मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केलं. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं; पेडण्याकडच्या मांद्रे गावचे भाऊ दाजी लाड तिथूनच १८५१ मध्ये पहिल्या तुकडीत बाहेर पडले. शवाला शिवलं तरी विटाळ मानणाऱ्या समाजातून ही मुलं आली होती, हे विसरून चालणार नाही.

आता प्रश्न असा, की त्या टेबलावरची शरीरं कोणाची? बहुतेक बेवारसांची. १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यानेही बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची सोय केली. ज्यांना रडायला कोणी नव्हतं, संमती द्यायला कोणी नव्हतं, त्यांनी आपल्याला फुफ्फुसाची जागा शिकवली. पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव नाही.

आज रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इथली मुलं पहिल्याच वर्षी त्या टेबलाशी उभी राहतात. आपल्याला रडायला माणसं आहेत, संमती द्यायला हात आहेत. तेव्हा देहदानाचा विचार आपण घरी, जिवंतपणी बोलायला हवा. काळीज कुठे आहे, हे त्या मुलांना आपणही दाखवू शकतो.