रेवसच्या बांधावरची पोपटी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गेल्या पौषातली गोष्ट. आम्ही पाच जण भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला गेलो. मी, माझे मेहुणे आणि तीन भाचे. बरोबर दोन तंबू, एक घडीची लोखंडी सिगडी आणि पाच किलो कोळशाची पिशवी. बेत असा की खाडीच्या जवळ ओळखीच्यांच्या शेतात तंबू ठोकायचे आणि रात्री निखाऱ्यावर अख्खी कोंबडी भाजायची. भाच्यांनी दूरचित्रवाणीवर कोणा परदेशी खानसाम्याला असे करताना पाहिले होते. मी इतिहासाचा माणूस, स्वयंपाकातले मला फारसे कळत नाही. पण निखाऱ्यावरचे भाजणे हा माणसाचा सर्वांत जुना स्वयंपाक, तेव्हा त्यात कठीण ते काय असणार, असे मला वाटले होते.

शेताचे मालक सत्तरी ओलांडलेले. त्यांना सगळे नाना म्हणतात. त्यांनी आमची पिशवी उचलून पाहिली आणि हसून म्हणाले, “कोलसा मुंबैवरना आनलाय? आमच्या लहानपनी तो इथनं मुंबैला जायचा.”

नानांचे वाक्य गमतीचे होते, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माझ्या पिढीला कोळशाची सिगडी चांगली आठवते. सकाळी गॅलरीत सिगडी ठेवून पंख्याने वारा घालायचा, धूर गेला की ती उचलून आत न्यायची. तो कोळसा येई कुठून, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या डोंगरातून लाकूडफाटा आणि कोळसा खाडीपर्यंत यायचा आणि पडावांतून मुंबईच्या बंदरात उतरायचा. (कुलाबा जिल्ह्याचे नाव 1981 साली रायगड झाले.) धरमतरची खाडी रेवसपाशीच समुद्राला मिळते, म्हणजे तिच्यातून निघालेले प्रत्येक पडाव याच तोंडातून बाहेर पडे.

हा कोळसा पाडला तो मुख्यतः कातकऱ्यांनी. कातकरी हे नावच कातावरून आले. खैराचा गाभा उकळून कात काढणे हा त्यांचा मूळ धंदा. 1878 च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगलात कुऱ्हाड चालवणे गुन्हा ठरू लागले, कात काढणे सुटत गेले आणि कातकरी दुसऱ्यांच्या भट्ट्यांवर मजूर झाले. कोळशाची भट्टी म्हणजे लाकडे उभी रचायची, वर गवत आणि माती लिंपायची आणि आत हवा जेमतेम शिरेल एवढीच वाट ठेवून लाकूड कित्येक दिवस धुमसत ठेवायचे. भट्टीला कुठे चीर पडली तर सगळ्या लाकडाची राख. म्हणून रात्रंदिवस राखण करायची. पावसाळ्यात घरात दाणा नसताना मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर बायकामुलांसह भट्टीवर जायचे आणि होळी उलटून गेल्यावर परतायचे. हिशेबात उचल फिटलेली नसेच. वेठबिगारी कायद्याने बंद झाली ती 1976 साली. कातकऱ्यांची उचल मात्र त्यानंतरही संपली नाही. रायगडातली कातकरी कुटुंबे आजही हंगामात वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर परमुलखात जातात. आमच्या पाच किलोच्या पिशवीवर कोळसा कुठला हे छापलेले नव्हते.

आता आमच्या कोंबडीचे काय झाले ते सांगतो. रेवसला संध्याकाळी खाडीवरून वारा सुटतो. त्या वाऱ्याने निखारे असे फुलले की चरबीचा थेंब पडला रे पडला की जाळ वर येई. अर्ध्या तासात कोंबडी बाहेरून काळी ठिक्कर झाली. फाडून पाहिली तर हाडाशी लाल. मेहुण्यांनी सुचवले की सिगडी तंबूत घेऊ, वारा लागणार नाही. नाना एकदम ओरडले आणि त्यांनी आम्हांला वाचवले असेच म्हटले पाहिजे. पेटत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग ना वास. बंद तंबूत सिगडी घेऊन झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण थंडीच्या दिवसांत असल्या सहलींची अलीकडे फार हौस आहे.

मग नानांनी सूत्रे हातात घेतली. म्हणाले, उद्या पोपटी लावू.

अलिबाग-पेणकडच्या वाचकांना पोपटी म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही, पण इतरांसाठी सांगतो. भाताची कापणी झाली की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. पौष-माघात शेंगा भरतात. त्याच सुमारास शेताच्या बांधावर भांबुर्डा नावाची उग्र वासाची रानटी पालेभाजी उगवलेली असते. भाजी कसली, तिला कोणी खात नाही. एका मडक्याच्या तळाशी हा पाला घालायचा, मग न सोललेल्या वालाच्या शेंगा, खडेमीठ आणि ओवा. मधे बटाटे, रताळी, कांदे, अंडी आणि मसाला लावून केळीच्या पानात बांधलेले कोंबडीचे तुकडे. पुन्हा शेंगा, पुन्हा पाला. मडक्याचे तोंड पाल्याने गच्च दाबून बंद करायचे आणि मडके जमिनीवर उपडे घालायचे. भोवती पेंढा, पाचोळा, गोवऱ्या, काटक्या रचून पेटवून द्यायचे. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगचे पाणी वाफ होऊन आतच कोंडते. मडके उपडे असल्याने ती वर तळाशी जमते आणि खाली पाल्याचे बूच बसलेले असते. म्हणजे बाहेर जाळ आणि आत वाफ. आमच्या सिगडीला जे साधले नाही ते, म्हणजे हाडापर्यंत शिजणे, इथे आपोआप साधते. वाऱ्याने जाळ इकडेतिकडे झाला तरी मडक्याचे जाड अंग उष्णता सगळीकडे सारखी पोचवते.

पोपटी किती जुनी, असे भाच्याने विचारले. शेतकऱ्याच्या रात्रीच्या जेवणाची नोंद ताम्रपटात कोण करणार? याच तालुक्यात आक्षीला शके 934 म्हणजे इसवी सन 1012 चा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्यात राजा आहे, प्रधान आहे, देवीच्या बोडणासाठी दिलेले दान आहे. बांधावरचा माणूस नाही. पण दुसऱ्या वाटेने काही हाती लागते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून पुढे पंधरा वर्षे उत्खनन केले. तिथल्या तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांत जळलेले दाणे सापडले. त्यांत जव होता, मसूर, कुळीथ होते आणि वालही होता. म्हणजे वाल आणि विस्तव यांची महाराष्ट्रातली गाठभेट निदान एवढी जुनी आहे.

राजवाड्यातले भाजणे मात्र लिहिलेले सापडते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला ग्रंथ. त्यात मांस शूळावर टोचून निखाऱ्यावर भाजण्याच्या कृती आहेत आणि अशा पदार्थाला ‘भडित्र’ म्हटले आहे. राजाच्या ताटात शेतातले उंदीरसुद्धा भाजून येत, हे वाचून विद्यार्थी नेहमी हसतात. शेतात राहणाऱ्यांना त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. तेव्हा माझ्या भाच्यांची सिगडी हीसुद्धा काही परदेशी वस्तू नव्हे. ती राजवाड्याची परंपरा आणि मडके हे बांधाचे, एवढेच.

मडक्याला शेजारीही आहेत. दक्षिण गुजरातेत वलसाड-नवसारीकडे हिवाळ्यात ‘उंबाडियुं’ करतात. तिथेही पापडीच्या शेंगा, कंद आणि रताळी पाल्यासकट मडक्यात कोंबून मडके उपडे घालतात. उंधियो हे नावच मुळी उपडे या अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे, मग आज तो कढईत का होईना. देशावर ज्वारीच्या हुरड्याची आगटी पेटते, तिथे मडके नाही, पण रानात बसून कोवळे पीक विस्तवावर भाजून खाण्याची भावना तीच. पोपटीतले बटाटे आणि रताळी मात्र अमेरिकेतली. बटाटा हा शब्दच पोर्तुगीजांचा आहे आणि त्यांचे चौल-कोर्लई इथून काही तासांच्या वाटेवर. बटाट्याआधी त्या जागी कोनफळासारखे कंद असणार.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे. शेंगा कोणाच्या होत्या? आज आपण म्हणतो, शेतकरी आपल्या शेतात पोपटी लावतो. पण शंभर वर्षांपूर्वी या तालुक्यातल्या बहुतेक कुळांच्या पायाखालची जमीन त्यांची नव्हती. ती खोतांची आणि सावकारांची. पिकलेल्या भाताचा मोठा वाटा त्यांच्या कोठारात जाई. 27 ऑक्टोबर 1933 रोजी चरी गावी कुळांची सभा भरली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप ठरला. शेत लावायचेच नाही. पंचवीस गावांनी तो पाळला आणि 1939 पर्यंत चालवला. शेतकऱ्यांचा इतका दीर्घ संप देशाच्या इतिहासात विरळा. लोकांनी जंगलातून मोळ्या आणल्या, खाडीत मासे धरले आणि दिवस काढले. भाई अनंत चित्रे या लढ्यात होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठबळ दिले आणि 1937 साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. याच चळवळीतून 1937 साली ‘कृषीवल’ हे पत्र निघाले. तेव्हाचे महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला आले. अखेर 1939 च्या कायद्याने कुळ या शब्दाला काही अर्थ आला. कसणाऱ्याची जमीन व्हायला त्यानंतर आणखी अठरा वर्षे गेली, 1 एप्रिल 1957 चा कृषिदिन उजाडेपर्यंत.

संपाच्या पुस्तकांत भाताचा हिशेब असतो, वालाचा नसतो. पण जिथे भातच लावले नाही तिथे मागाहून वाल कुठला? सहा हिवाळे त्या गावांच्या शेतांत शेंगा भरल्या नसणार. नानांच्या आजोळचे गाव संपातल्या गावांपैकी. त्यांची आई सांगायची की आम्ही पोरे दुसऱ्या गावच्या बांधावरचा जाळ लांबून बघायचो. नाना हे अगदी सहज बोलून गेले, शेंगा निवडता निवडता.

मिठाचीही अशीच कथा. पोपटीत खडेमीठ लागते, बारीक मीठ चालत नाही. ते पेण-उरणच्या मिठागरांतले. समुद्र दाराशी आणि मीठ मात्र करमाफ नाही, अशी स्थिती 1947 पर्यंत होती. रेवसच्या इतिहासात 1947 हे साल दुसऱ्याच कारणाने कोरलेले आहे. 17 जुलैला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आमची लाँच त्या बाजूने जाताना नावेतल्या एका म्हातारीने पाण्याला हात जोडलेले मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोपटी लावली. कोळशाची पिशवी बाजूला पडून होती, पेंढा नानांच्या घरचा होता. सुमारे पाऊण तासाने नानांनी तापलेल्या मडक्यावर ओंजळभर पाणी शिंपडले. ते चर्रकन उडून गेले. तीच खूण. ओल्या पोत्याने मडके उचलून केळीच्या पानांवर उपडे केले, तेव्हा भांबुर्ड्याचा वास असा सुटला की कालच्या जळक्या कोंबडीचे दुःख भाच्यांनी तिथेच सोडले. शेंगा सोलून दाणे तोंडात टाकत आम्ही कितीतरी वेळ बसलो होतो. कोंबडी हाडापर्यंत शिजली होती.

शेंगा कुठल्या शेतातल्या, असे मी विचारले. मला वाटले, समोरच्याच. नाना म्हणाले, समोरचे शेत विकले गेले, तिथे मुंबईच्या कोणाचा बंगला होणार आहे. पलीकडच्या खाजणातला बांध उधाणात फुटला, खारे पाणी आत शिरले. दोन-तीन पावसाळ्यांनी जमीन धुऊन निघाली तर निघाली. रेवस-करंजा पुलाचे काम हाती घेतले गेल्यापासून जमिनीचे भाव विचारायला रोज कोणीतरी येते. शेंगा त्यांनी पेणच्या बाजारातून आणल्या होत्या, भांबुर्डा तेवढा बांधावरचा.

निघताना उरलेला कोळसा आम्ही नानांकडे ठेवला. त्यांनी तो गोठ्याच्या आढ्याला टांगला, पुढच्या वर्षी तुमचाच तुम्हांला देतो म्हणाले.