डॅशबोर्डमधील चौकट : जुन्या गाडीतील संगीताचा इतिहास

१/ #थ्रेड
जुन्या गाडीतील गाणे बंद पडले की मालक संच बदलतो. परंतु संचामागील तारा, स्पीकरची जोडणी आणि डॅशबोर्डमधील ती आयताकृती चौकट यांत अर्धशतकाहून अधिक काळ साठलेला असतो. तो वाचता आला नाही तर नवा संचही पहिल्याच दिवशी जळू शकतो. उदाहरणासाठी गाव घेऊ सटाणा आणि गाडी प्रीमियर पद्मिनी.

२/ गाडीचे कूळ थोडक्यात. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्याने मोटारी बनू लागल्या. ‘फियाट ११००’चेच रूप १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ झाले. रेडिओ मात्र बहुधा ग्राहक मागाहून बसवून घेई. कोणत्या तारेला कोणता रंग, हे गावच्या वायरमनच्या पेटीत त्या दिवशी काय उरले होते यावर ठरे. त्यामुळे पद्मिनीच्या तारांचा छापील नकाशा रेडिओपाशी येऊन संपतो.

३/ मोटारीत रेडिओ बसवणे हा मुळात विजेच्या अडचणींशी झगडा होता. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन कंपनीने ‘मोटोरोला’ हा खपणारा मोटार-रेडिओ बाजारात आणला. त्या काळच्या व्हॉल्व्हना शंभरावर व्होल्ट लागत आणि बॅटरी देई सहा. पुढे व्हायब्रेटर नावाचा थरथरणारा स्विच एकदिश प्रवाह तोडून तोडून ट्रान्सफॉर्मरला पुरवू लागला. त्याची गुणगुण गाण्याखाली सतत ऐकू येई. १९५० च्या दशकाच्या मध्यास ट्रान्झिस्टर आले आणि ही भानगड मिटली.

४/ सटाण्यासारख्या गावी आणखी एक अडचण होती, भूगोलाची. आरम नदीकाठचे हे गाव मुंबईपासून सरळ रेषेतही दोनशे किलोमीटरहून दूर आहे आणि बागलाण म्हणजे सेलबारी-डोलबारीच्या डोंगररांगांचा मुलूख. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत जातात. अंतर आणि डोंगर त्यांना क्षीण करतात. रात्री त्याच लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. म्हणजे दुपारी ताहाराबादच्या रस्त्यावर खरखरणारा आणि रात्री स्वच्छ बोलणारा रेडिओ बिघडलेला नसतो. तो उघडून बसणाऱ्या मेकॅनिकचा दिवस मात्र फुकट जातो.

५/ ऐकायचे काय, हे तर दिल्ली ठरवी. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्यात जन्मलेले मराठी गृहस्थ, यांना चित्रपटसंगीत हलके वाटे. आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपार झाले आणि श्रोते लघुलहरींवर रेडिओ सिलोन शोधू लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, ती या माघारीची कबुलीच म्हणावी लागेल. १९८० च्या दशकापर्यंत रेडिओसाठी पोस्टातून परवाना घेऊन शुल्कही भरावे लागे.

६/ ही सत्ता मोडली ती कॅसेटने. फिलिप्सने १९६३ साली आणलेली ही डबी भारतात खऱ्या अर्थाने पसरली १९८० च्या दशकात, स्वस्त टेपच्या लाटेवर. ध्वनिमुद्रिका काढायला कारखाना लागे. कॅसेटला दोन टेपरेकॉर्डर पुरत. ज्या बोलींना आकाशवाणीवर आठवड्यातून घटकाभर जागा मिळे, त्यांना बाजार मिळाला. बागलाणात बोलली जाणारी अहिराणी त्यांपैकीच एक. गाडीत काय वाजावे, हे प्रथमच स्टिअरिंगवर बसलेला माणूस ठरवू लागला. मोटार-संगीताच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल हाच. त्यानंतरची सीडी आणि ब्लूटूथ ही त्याची केवळ पुढची आवृत्ती.

७/ आता बिघाडांकडे. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ येत असेल तर ती डायनॅमोकडून किंवा अल्टरनेटरकडून येते. टकटक असा आवाज प्लगच्या ठिणगीचा असतो. जुने वायरमन इग्निशन कॉइलवर छोटा कंडेन्सर बसवत तो याचसाठी. इंजिनकाम करताना तो काढून फेकला जातो आणि दोष रेडिओच्या माथी येतो. पहिली तपासणी अर्थिंगच्या तारेची करावी. गंजलेल्या पत्र्यावर घट्ट केलेला स्क्रू हा विद्युतसंबंध नव्हे.

८/ गाणे संथ आणि जाड आवाजात येत असेल तर रबरी बेल्ट सैल झाला आहे. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या गतीने सरकली पाहिजे. वर्षानुवर्षे पडून राहिलेला बेल्ट कधी कधी डांबरासारखा वितळलेला सापडतो.

९/ सर्वांत महाग चूक स्पीकरपाशी होते. जुन्या अनेक संचांत स्पीकरची एक तार थेट बॉडीला जोडत, तार वाचे. आजच्या बहुतेक संचांत स्पीकरच्या दोन्ही तारा ‘जिवंत’ असतात. त्यांपैकी एकही पत्र्याला टेकली तर ॲम्प्लिफायरची चिप जळू शकते. १९७० च्या दशकातील काटकसर अशी पन्नास वर्षांनी नव्या संचावर उलटते. ब्रिटिश घराण्यातील जुन्या मोटारींत तर कधी बॅटरीची धन बाजूच बॉडीला जोडलेली आढळते. तेथे मीटर लावल्याशिवाय एकही तार जोडू नये.

१०/ नव्या संचाचे तोंड १८० × ५० मिलिमीटर, हे मूळ जर्मन मानक. त्याआधीच्या संचांत दोन खुंट्या आणि मध्ये डायल असे, म्हणून नवा बसवताना डॅशबोर्ड कापला जातो. कापलेला पत्रा परत येत नाही. त्यापेक्षा छोटा ब्लूटूथ ॲम्प्लिफायर आसनाखाली लपवून, स्पीकरना नव्या तारा ओढून, जुना डायल जागच्या जागी ठेवणे केव्हाही उत्तम. एफएम ट्रान्समीटर मात्र केवळ मध्यम लहरींच्या रेडिओला निरुपयोगी. त्याला ती पट्टीच ऐकू येत नाही.

११/ आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातील कॅसेट? लग्नातील ओव्या, गावच्या भजनी मंडळाचे जागरण, घरी टेपरेकॉर्डरवर भरलेले आवाज यांची दुसरी प्रत बहुधा कोठेच नसते. त्या गाडीतल्या डेकमध्ये घालून ‘चालते का’ हे पाहू नये. आधी पेन्सिलीने टेप सैल करावी, हेड साफ केलेल्या घरच्या चांगल्या डेकवर एकदा वाजवावी आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्यावी. गाडीचा बेल्ट त्यानंतर बदलावा.